गेटचे १२,४०० रुपये आणि भाच्याची नोकरी

बार्शीचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्याचा आहे, पण तो इथे नसतो म्हणून मी विचारतोय.

पोरगं २०२४ ला सिव्हिल करून बाहेर पडलं. पुण्यात एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर आहे. हातात २१,००० येतात. हिंजवडीत कॉट बेसिसवर राहतो. सकाळी साडेसातला साइटवर, आणि रात्री काँक्रीटिंग निघालं की परत यायची वेळ देवालाच माहीत. हे सगळं करत २०२५ ची गेट, म्हणजे ती एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, दिली आणि पात्र झाला. स्कोअर आयआयटीचा नाही, पण पुण्यातल्याच एका सरकारी कॉलेजात स्ट्रक्चरच्या एम.टेक.ला नंबर लागेल म्हणतो. तिथे दोन वर्षं महिना १२,४०० मिळतात म्हणे.

आता घरची बाजू. माझी बहीण एकटी असते, तिला तो महिन्याला सहा हजार पाठवतो. म्हणजे २१ चे १२ होणार आणि वर हे सहा बंद. मी त्याला म्हटलं थांब, जाणत्यांना विचारतो. माझं शिक्षण बारावी, गेट म्हणजे मला शेताचं फाटक. तर सांगा: हे पैसे खरंच दर महिन्याला येतात का? त्यात पुण्यात भागतं का? आणि जोडीला दुसरी कुठली स्कॉलरशिप घेता येते का?

काडीपेटी

वाचतोय. फाटक आडनावाच्या उमेदवारांना ही परीक्षा माफ असावी असं माझं फार जुनं मत आहे.

टीए_आठतास

मामा, मी यातूनच गेलोय म्हणून आधी रोखठोक.

पैसे येतात. दर महिन्याला येत नाहीत. माझा पहिला हप्ता वर्ग सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात आला, तोही तीन महिन्यांचा एकदम. मग दोन महिने वेळेवर, मग पुन्हा खाडा. बुडाला एकही नाही. त्यामुळे पहिल्या चार महिन्यांची तजवीज हातात असल्याशिवाय नोकरी सोडू नये. पन्नासेक हजार बाजूला ठेवले असतील तर बिनधास्त सोडा.

अटी थोडक्यात: पूर्णवेळ प्रवेश हवा, प्रवेशाच्या वेळी गेटचा स्कोअर चालू हवा (तीन वर्षं चालतो, त्याचा २०२८ पर्यंत आहे), कॉलेज एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्य हवं. जास्तीत जास्त २४ महिने. आणि आठवड्याला आठ-दहा तास विभागाचं काम. माझ्या वाट्याला सेकंड इयरची सर्व्हेइंगची प्रॅक्टिकल्स आली. थिओडोलाइट लेव्हल करायला शिकवता शिकवता मलाच नीट यायला लागलं.

शब्दवेल्हाळ

एक दुरुस्ती. हिला शिष्यवृत्ती म्हणू नये. काम करून घेऊन दिलेला पैसा हे विद्यावेतन. शिष्यवृत्ती शिष्याला शिकण्यासाठी मिळते, त्या बदल्यात कुणी जर्नल तपासून घेत नाही.

मेसचा_भात

@शब्दवेल्हाळ, नाव काहीही द्या, मेसवाला दोन्ही घेतो.

बाकी हिशेब करून पाहिला. आठवड्याला आठ तास म्हणजे महिन्याला साधारण ३५. १२,४०० भागिले ३५, ताशी साडेतीनशे. एवढा ताशी दर पहिल्या नोकरीत मला नव्हता, अजूनही नाही. :)

जुना_जिमखाना

हा दर भ्रामक आहे. उरलेले तास तो झोपा काढत नाही, अभ्यास आणि प्रोजेक्ट करतो, आणि दुसरीकडे कमवायची त्याला मुभा नाही.

खरी गोम वेगळी आहे. २०१४ च्या अखेरीस हे विद्यावेतन ८,००० चं १२,४०० झालं, तेव्हापासून तिथेच आहे. त्याच वर्षी पीएच.डी.वाल्यांच्या जेआरएफ या फेलोशिपचे २५,००० झाले होते. ते २०१९ मध्ये ३१,००० झाले, २०२३ च्या जानेवारीपासून ३७,०००. एकाला दोनदा वाढ, दुसऱ्याला एकदाही नाही. पीएच.डी.वाले मोर्चे काढतात. एम.टेक.वाला दोन वर्षांचा पाहुणा, मोर्चाचा फलक रंगवून होईतो त्याचा व्हायवा (शेवटची तोंडी परीक्षा) येतो.

काडीपेटी

आणि व्हायवाला समोर कोण बसणार हे त्याला ठाऊक असतं.

रेवती_क

मी एका कॉलेजात शिकवते. पाच वर्षं हेच काम माझ्या गळ्यात होतं, म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूचं सांगते.

पैसे मुलाने अर्ज केला की आपोआप सुरू होत नाहीत. प्रवेश झाल्यावर कॉलेज पोर्टलवर त्याचा आयडी तयार करतं, त्यात गेटचं स्कोअरकार्ड, आधार, पासबुक आणि ओबीसी असेल तर चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेअर अपलोड होतं. याला शेवटची तारीख असते. नंतर दर महिन्याला मुलाची हजेरी कॉलेजने पोर्टलवर भरायची. ती भरली की पैसे दिल्लीहून थेट खात्यात. म्हणजे संपावर गेलेला क्लार्क, बाळंतपणाच्या रजेवर गेलेली मी, किंवा बदललेला पासवर्ड, यातलं काहीही आडवं आलं तरी चाळीस मुलांचे पैसे अडकतात. माझ्या रजेत तसं झालं होतं. चार्ज घेतलेल्या सरांना ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो हे तीन आठवडे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मी बाळाला घेऊन माहेरी, तिथे रेंज नाही.

सगळ्यात जास्त अडकतं ते नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणूस एकच, पोर्टलला तिघं दिसतात. भाच्याला म्हणावं, जून संपायच्या आत तिन्ही कागद एकाशेजारी एक ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घे.

बालाघाटकर

रेवतीताई, नावाचं जमलं तरी खातं दगा देतं. माझी कथा ऐका.

मी २०२१ ला एम.टेक.ला लागलो. जानेवारीपर्यंत खात्यात दमडी नाही. बाकीच्यांचे आले. पोर्टलवर बघावं तर माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’. बँकेत गेलो, ते म्हणाले आमच्याकडे काही आलं नाही. कॉलेज म्हणालं आम्ही पाठवलं. मी मधल्या मध्ये रूममेटच्या पैशांवर जेवतोय.

शेवटी विभागातल्या एका शिपाईमामांनी विचारलं, “शाळेत असताना कुठं खातं काढलं होतं का?” आठवीत शिष्यवृत्तीसाठी गावच्या बँकेत काढलं होतं! मधल्या काळात केवायसीच्या नावाखाली कुणीतरी आधार पुन्हा त्याच खात्याला जोडून ठेवलेलं. सरकारी पैसा जातो तो आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलंय तिथे, तुम्ही अर्जात कुठलाही नंबर लिहा. गावी गेलो, ट्रंकेतून पासबुक काढलं. त्याच्या कव्हरवर माझ्याच हाताने वळणदार अक्षरात ‘इयत्ता ८ वी ब’ लिहिलेलं. मशीनमध्ये घातलं, आणि त्याने टर्रर करत एकाखाली एक सात ओळी छापल्या. १२,४००, १२,४००, १२,४००... एकूण ८६,८००. खातं निष्क्रिय झालेलं, त्यामुळे काढायला आणखी दोन चकरा. पण त्या दिवशी बँकेच्या पायरीवर बसून तेवढंच वाचत होतो.

आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस म्हणून पान आहे, तिथे कुठल्या बँकेला जोडलंय ते दोन मिनिटांत दिसतं. हे मला आधी कळलं असतं तर रूममेटचे उपकार जरा कमी झाले असते.

टीए_आठतास

@बालाघाटकर, यात अजून एक खड्डा. शाळकरी वयात किंवा जनधनमध्ये काढलेली काही खाती ‘छोटं खातं’ प्रकारातली असतात. त्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही, शिल्लक पन्नास हजारांच्या वर चालत नाही. आणि विद्यावेतन वर्षाचं १,४८,८००. म्हणजे आठ महिने येतं, नवव्याला गाडी अडते. पूर्ण केवायसीचं साधं बचत खातं काढून आधार तिथेच जोडावं.

स्लॅबखालचा

मी वेगळा सूर लावतो. नोकरी सोडू नये.

मीही स्ट्रक्चरवालाच, पण बी.ई. वर थांबलो. आज बारा वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. त्या मुलाची दोन वर्षं साइटवर गेलीच आहेत, अजून दोन गेली की पगार ३५ वर जाईल. एम.टेक. करून बाहेर पडला की त्याच ३५ ला डिझाइन ऑफिसात ईटॅब्सपुढे (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) बसेल. मध्ये घरचे सहा हजार बंद ते वेगळंच. विद्यावेतन मिळतं म्हणून एम.टेक. फुकट पडतं असं कुणी समजू नये. आज मिळणारे २१ आणि उद्या मिळणारे १२.४, यातला फरक दोन वर्षांत दोन लाखांच्या वर जातो. ती खरी फी.

ईटॅब्सपुढची

@स्लॅबखालचा, त्या ईटॅब्सपुढे मीच बसते. :)

हिशेब बरोबर आहे, पण निम्मा. आमच्या ऑफिसात नुसत्या बी.ई. ला घेतात ते ड्रॉइंग काढायला आणि बार बेंडिंग शेड्यूल करायला. भूकंपाचं विश्लेषण, उंच इमारतीचं वाऱ्याचं गणित ही कामं एम.टेक. असल्याशिवाय हातात देत नाहीत. चांगलं की वाईट तो भाग निराळा, पण असंच आहे. पाच वर्षांनंतर दोघांच्या पगारातला फरक तुमच्या दोन लाखांपेक्षा बराच मोठा असतो. शिवाय कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर असिस्टंट प्रोफेसरला मास्टर्स लागतंच.

मुळात त्या मुलाला काय आवडतं? साइट आवडत असेल तर स्लॅबखालच्यांचं खरं. रात्रीच्या काँक्रीटिंगनंतरही गेटचा अभ्यास केला, म्हणजे आवडत नसावी असा माझा कयास.

विनागेट

माझं थोडं कडू वाटेल.

राज्याच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) आधी गेटवाल्यांना जागा देतात, उरलेल्यांवर बिगर-गेट. मी त्या उरलेल्यातला. वर्गात अठरा जण, त्यातल्या सहांना १२,४००, बारांना शून्य. सर, पेपर, प्रोजेक्ट, सगळं एकच. शेजारी बसणाऱ्या मित्राचा हप्ता आला की तो वडापाव खाऊ घालायचा, आणि मला तो वडापाव गिळवत नसे. तो अर्थातच अभ्यास करून पात्र झाला होता, त्याचं काही चुकलं नाही. पण मी गेटला दोन गुणांनी हुकलो होतो. दोन गुणांची किंमत २,९७,६०० रुपये, हे गणित मी दोन वर्षं रोज करायचो.

तेव्हा मामा, भाच्याच्या हातात ती पात्रता आहे. ती तीन वर्षांत संपते. नंतर एम.टेक. करावंसं वाटलं तर पुन्हा परीक्षा द्या नाहीतर माझ्यासारखा वडापाव खा.

मेसचा_भात

@विनागेट, वडापावाचं वाचून गलबललं राव. पत्ता कळवा, एक माझ्याकडून.

इसारवासी

इथपर्यंत स्वदेशीच चाललंय म्हणून विचारतो, मुलाने जर्मनीचा विचार केला का? सरकारी विद्यापीठात फी नाही, आठवड्याला वीस तास काम करता येतं, डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्तीही आहे.

खंडाळ्याचा_घाट

फी नाही हे आता सरसकट खरं नाही हो. तुमच्याच म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासूनच सत्राला १,५०० आहेत. आणि व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सहा हजार घरी पाठवणाऱ्या पोराला हे सांगणं म्हणजे... असो.

इसारवासी

बरोबर, मी जुन्या काळात आलो तेव्हाचं बोलून गेलो. तरी बाहेर जायचंच झालं तर जे. एन. टाटा एन्डाउमेंट लक्षात ठेवा. १८९२ मध्ये जमशेटजींनी सुरू केलेली. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही टाटांचे स्कॉलर म्हणून. मात्र ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते. आता @शब्दवेल्हाळ यांनी सांगावं, फेडायची असेल तर तिला काय म्हणायचं?

शब्दवेल्हाळ

ऋण. आणि ते फेडल्यावर जे उरतं ती कृतज्ञता.

काडीपेटी

आणि फेडलं नाही तर जामीनदार.

पॉवरप्लांट

अवांतर होतंय, पण गेटच्या स्कोअरवर सरकारी कंपन्या नोकरीला घेतात, त्याचं कुणीच बोललं नाही. मी एम.टेक.चं एक सत्र केलं, मग एका वीज कंपनीचं पत्र आलं, चंबूगबाळं आवरून निघालो. तो वर्गात बसल्या बसल्या मुलाखती देऊ शकतो. विद्यावेतन म्हणजे वेटिंग रूमचं भाडं सरकार भरतंय असं समजा.

रेवती_क

@पॉवरप्लांट, तुमचं अभिनंदन, पण तुम्ही रिकामी केलेली खुर्ची दोन वर्षं तशीच राहते हो. मध्येच त्या जागी दुसऱ्याला घेता येत नाही. आणि मग हेच कारण पुढे केलं जातं. २०१९ मध्ये आयआयटी कौन्सिलने एम.टेक.ची फी बी.टेक.च्या बरोबरीला, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या आसपास न्यायचं ठरवलं तेव्हा ‘मुलं मध्येच सोडून जातात’ हाच मुद्दा होता. मुलं रस्त्यावर आली, मग वाढ टप्प्याटप्प्याने करू म्हणाले. वेटिंग रूम म्हणून वापरणाऱ्यांमुळे खरोखर शिकायला आलेल्यांच्या खिशाला हात लागतो.

पॉवरप्लांट

ताई, मान्य. पण माझ्या घरी तेव्हा वडिलांच्या डायलिसिसचा खर्च होता. वेटिंग रूम हा शब्द वाईट वापरला, मागे घेतो.

रेवती_क

नाही हो, मीही जरा चढ्या आवाजात बोलले. विद्यार्थी समजून रागावले असं धरा.

तुर्भेकर

अजून एक वाट. अणुऊर्जा विभागाची डीजीएफएस म्हणून योजना आहे, त्यात निवड झाली की आयआयटीसारख्या संस्थेत एम.टेक., फी आणि विद्यावेतन विभागाचं, रक्कम १२,४०० पेक्षा खूपच मोठी. नंतर त्यांच्याकडे ठरावीक वर्षं नोकरी करण्याचं बंधपत्र. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेतून जे निवडले जातात त्यांनाच पर्याय मिळतो, त्यामुळे चाळणी फार बारीक. पण सिव्हिललाही जागा असतात, बघायला हरकत नाही.

बार्शीचा_मामा

एवढे जण बोलाल असं वाटलं नव्हतं. सगळं भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. बालाघाटकरांची सात ओळींची गोष्ट बहिणीला वाचून दाखवली, ती हसता हसता रडली.

पण माझा तिसरा प्रश्न राहिला. ‘प्रगती’ म्हणून वर्षाला ५०,००० ची काहीतरी योजना आहे म्हणतात, ती जोडीला मिळेल का?

टीए_आठतास

नाही. प्रगती मुलींसाठी आहे आणि तीही डिग्री-डिप्लोमाला. पदव्युत्तरला लागू नाही.

रेवती_क

आणि मामा, एक पक्कं लक्षात ठेवा: हे विद्यावेतन घेताना दुसरं विद्यावेतन किंवा पगार घेता येत नाही, तसं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. गुपचूप अर्धवेळ नोकरी करतात मुलं, पीएफ कापला गेला की उघडं पडतं आणि घेतलेले सगळे पैसे परत मागतात. फी मध्ये सवलत हा मात्र वेगळा विषय. ओबीसी असेल तर महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) काय बसतं ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर प्रवेशाच्या दिवशीच विचारा. वसतिगृहाचा अर्जही त्याच दिवशी, तिथेच. पुण्यात भागतं की नाही याचं उत्तर वसतिगृह मिळतं की नाही यातच आहे. मिळालं तर मेस धरून साताठ हजारांत महिना निघतो. कॉट बेसिस राहिलं तर बाराही पुरत नाहीत.

मेसचा_भात

मेसचे दर सांगायचा अधिकार माझा होता.

स्लॅबखालचा

मामा, मी नोकरी सोडू नये म्हणालो होतो. @ईटॅब्सपुढची यांचं वाचून आमच्या ऑफिसातल्या तिघांना विचारलं. दोघे म्हणाले, तेव्हा करायला हवं होतं. तिसरा एम.टेक. होता, तो काही बोलला नाही, पण त्याची गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे. तर माझं मत अर्धं मागे.

बार्शीचा_मामा

ठरलं एकदाचं. सांगतो.

शनिवारी पोरगं आलं होतं. स्टेटस बघितलं तर आधार खरोखर इथल्याच एका जुन्या खात्याला निघालं, दहावीत असताना काढलेलं! दोघं बँकेत गेलो, तिथला अर्ज भरून पुण्याच्या खात्याला जोडायला टाकलं. नावाचं पण निघालं. आधारवर वडिलांचं नाव ‘ज्ञानेश्वर’ आणि स्कोअरकार्डवर ‘ग्यानेश्वर’ असलं काहीतरी, इंग्रजीत डी की जी ची भानगड. सेतूत जाऊन दुरुस्तीला दिलंय.

पहिल्या चार महिन्यांचं विचारलं तर म्हणाला ६२,००० साठवलेत. मला पत्ताच नव्हता. बहीण म्हणाली मला दोन वर्षं काही पाठवू नकोस, मी त्याआधी काय हवा खात होते का. तरी मी महिन्याला तीन हजार तिच्याकडे देणार आहे, ते तिला आत्ता सांगितलं नाही, भांडेल.

कंपनीत महिन्याची नोटीस आहे. साहेब म्हणाले, निदान सातवा स्लॅब पडेपर्यंत थांब. तो हो म्हणालाय.

स्लॅबखालचा

स्लॅब पडेपर्यंत थांबू दे, पण बीमचे टेकू काढेपर्यंत नको म्हणावं. सहा मीटरच्या वरचा बीम असला तर २१ दिवस धरतात, तोवर कॅपची फेरी निघून जाईल.

बार्शीचा_मामा

टेकूचं त्याला विचारलं. म्हणाला, साडेपाच मीटर आहे मामा, १४ दिवसांत निघतील.